वरच्या वाडीतल्या कुंदाताई

"भिंतीतून काय येतोस? भूत आहेस का?"

कुंदाताई कडाडल्या तेव्हा मी पाली गावाच्या वरच्या पठारावर, उघड्या माळावर उभा होतो. भिंत म्हणजे गवतात दडलेली घोट्याएवढी दगडांची ओळ. तिच्यावरून मी पाय टाकला होता. ताईंनी मला मागे पिटाळलं आणि दोन दगडांमधली फट दाखवली. "हे दार. वाकून ये, चौकट बुटकी आहे." मी वाकलो. आभाळाला डोकं लागू नये म्हणून वाकणारा मी तालुक्यातला पहिलाच माणूस असेन.

कुंदाताई आमच्या शेजारी राहतात. सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई. त्या निवृत्त झाल्या, आवाज अजून ड्यूटीवर आहे. पूर्वी या पठारावर धनगरवाडा होता. ताई लशींची पेटी खांद्याला लावून तिथे चढायच्या. पुढे गुरं विकून माणसं खाली उतरली, छपरं गेली, नुसती जोती उरली. ताईंचं चढणं मात्र थांबलं नाही. दर रविवारी जातात, आणि हाताला लागेल त्या शेजाऱ्याला "पाय मोकळे होतील" म्हणून ओढून नेतात. पाय मोकळे होत नाहीत, सोलवटतात.

वर पोचलं की जोत्यांची ओळखपरेड. "हे ठकूबाईचं घर. हा धोंडूचा गोठा. शिंकू नकोस, म्हैस बुजते."

जोत्यांच्या पलीकडे दगडांची आणखी जुनी, गोल रिंगणं आहेत. मागे एक प्राध्यापक टेप घेऊन ती मोजायला आले होते. म्हणाले, "बाई, ही वस्ती इतिहासाच्याही आधीची असावी."

"असेल," ताई म्हणाल्या. "माझी इथे बदली व्हायच्या आधीची आहे. त्यांना लशी मी दिलेल्या नाहीत."

परवाच्या रविवारी वर गेलो तर ठकूबाईच्या जोत्यापाशी ट्रॅक्टर उभा. कुणाच्या तरी फार्महाऊसच्या कंपाउंडसाठी ड्रायव्हर दगड भरत होता.

"ठेव ते खाली!"

"पडीक हाय, बाई. कुनी ऱ्हातं का हितं?"

"राहतं. घरवाली खाली गेलीय." मग चष्मा वर करून ताईंनी त्याला न्याहाळलं. "तू खालच्या आळीतला ना? आईला विचार, तुला पहिली सुई कुणी टोचली."

ड्रायव्हरचा हात आपसूक दंडाकडे गेला. पाच मिनिटांत ट्रॉलीतले दगड उतरू लागले. नुसते उतरवून भागलं नाही. भिंत पुन्हा रचायची होती. तो आणि मी गवंडी, ताई मुकादम. "तो नाही रे, चपटा घे. तो उंबऱ्याचा." ऊन कलेपर्यंत भिंत गुडघ्याएवढी झाली आणि माझी कंबर कामातून गेली.

उतरल्यावर ताई घराकडे वळल्या नाहीत. बाजारातल्या एका टायरच्या दुकानामागच्या खोलीत शिरल्या, म्हणून मीही शिरलो. खाटेवर एक सुरकुतलेली म्हातारी पडली होती. ठकूबाई. दुकान तिच्या नातवाचं. तो हळूच म्हणाला, "आजीला वाटतं, ती बाजाराला म्हणून खाली आलीय."

"आलीस, नर्सबाय? घर बघितलंस?"

"बघितलं."

"भिंत हाय ना?"

"आहे. आजच नीट केली. या पोरानं दगड वाहिले."

ठकूबाईनं माझा हात चाचपला. तळव्यावरच्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं.

"वर च्या दिला का कुनी यास्नी?"

दिवसभरात आम्हाला चहा सोडा, पाणीसुद्धा मिळालं नव्हतं. ताई खाटेच्या कडेला टेकल्या. म्हातारीच्या कपाळावरचे केस मागे सारत, मी कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाल्या,

"दिला की. तुझ्याच घरी बसून प्यालो."

"गूळ व्हता ना?"

"होता, ठकू. भरपूर होता."