गाडीचा दम

तिसऱ्यांदा बंद पडायला गाडीने जागा निवडली ती नेमकी भंगारवाल्याच्या दारातली. दोन आचके दिले, एक सुस्कारा टाकला आणि त्याच्या तराजूसमोर ती अशी उभी राहिली, जणू पत्ता विचारत आलेली पाहुणीच.

"बघ आई," स्टिअरिंगवरचे हात काढत चिरंजीव म्हणाले, "तिला स्वतःलाच कळलंय. हिच्यात आता दम राहिलेला नाही."

मागच्या आसनावर ताठ बसलेल्या मोठ्या बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिले. मुख्याध्यापिका म्हणून एकवीस वर्षे शाळा त्यांना मोठ्या बाई म्हणत आली. निवृत्तीनंतर घरानेही तेच नाव निमूटपणे चालू ठेवले. ही गाडी त्यांनी स्वतःच्या पगारातून घेतलेली. चिरंजीव दहा दिवसांचे असताना इस्पितळातून घरी आले तेही हिच्यातूनच. पण गेल्या पंधरवड्यात ती दोनदा भर रस्त्यात बसली, तेव्हा रागाच्या भरात बाई शब्द देऊन चुकल्या होत्या, "तिसऱ्यांदा बंद पडली तर माझ्या हाताने भंगारात देईन." आणि मोठ्या बाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

"ही तिसरी वेळ ना हो, आई?" सूनबाईंनी अत्यंत मृदू आवाजात विचारले.

"बंद पडणं वेगळं आणि थांबणं वेगळं. जी पुन्हा चालू होते ती थांबलेली. होत नाही ती बंद पडलेली. व्याकरण कच्चं ठेवू नका. मिस्तरीला फोन लावा."

मिस्तरी बाईंचाच जुना विद्यार्थी. दहा मिनिटांत स्कूटरवरून हजर झाला. तोवर भंगारवाल्याने बाईंसाठी खुर्ची मांडली होती. गिऱ्हाईक आपण होऊन दारात आले, की माणसाला सौजन्य सुचते.

मिस्तरीने बॉनेट उघडले आणि आत डोके घातले. "बाई, जरा दम धरा."

"दम मी धरत नसते, देत असते."

घाम पुसायला बाईंनी पर्स उघडली. लाखेची लाल कांडी आणि काडेपेटी बाजूला सारून रुमाल काढला. परीक्षेच्या प्रश्नपत्रिका मोहरबंद करण्याचा हात अजून शिवशिवत असे. आताशा ती हौस औषधांच्या बाटल्यांवर भागवावी लागे.

"ठिणगी झकास आहे," मिस्तरीचा आवाज आला. मग त्याने कार्बोरेटरची नळी सुटी केली. "साहेब, मारा स्टार्टर." इंजिन घरघरले, नळी कोरडी ठणठणीत. "पेट्रोलच वर येईना की!"

"पहिल्या खेपेला तू प्लग बदललेस, गाडी चालू झाली. दुसऱ्या खेपेला पंप बदललास, गाडी चालू झाली. आता काय, मला बदलणार?"

"तसं नाही बाई. टाकी भरलेली, पंप नवा, नळी साफ. मग अडतंय कुठं?" तो डोके खाजवू लागला. "आता सगळंच उतरवावं लागणार."

हे ऐकताच चिरंजीव भंगारवाल्याच्या कानाशी लागले.

"पंधरा दिवसांपूर्वी गाडीतला पेट्रोलचा वास तेवढा गेला," सूनबाई समजुतीने म्हणाल्या, "तेवढंच बरं झालं म्हणायचं."

"तो मी जातीने लक्ष घातलं म्हणून गेला," बाई करड्या आवाजात म्हणाल्या. परंतु त्यांचे डोळे पाणावले होते.

भंगारवाला बोलता बोलता जळक्या तेलाचा डबा पिंपात ओतत होता. तेल दोनदा गुडगुडले आणि अडले. त्याने डबा हलवला. चार थेंब पडले, तेही त्याच्याच पायावर. अर्धवट फोडलेला डबा ही बाईंच्या सहनशक्तीपलीकडची गोष्ट होती.

"अरे, एका भोकातून तेल कसं पडेल? समोर दुसरं पाड! आत वारा शिरल्याशिवाय तेल बाहेर येईल का?"

त्याने निमूटपणे खिळा ठोकला. तेलाची धार अखंड लागली. आणि बाईंचा उगारलेला हात तसाच हवेत राहिला.

"मिस्तरी, मागच्या दोन्ही खेपांना आल्या आल्या तू आधी काय केलंस?"

"टाकीत काडी घालून पेट्रोल बघितलं."

"म्हणजे झाकण काढलंस. आणि आज?"

"आज साहेब म्हणाले, सकाळीच काठोकाठ भरलीय. मग नाही काढलं."

"आता काढ."

झाकण फिरले मात्र, टाकीने फुस्स करून असा लांब श्वास आत ओढला, जसा तळाशी बुडी मारून वर आलेला पोहणारा ओढतो. बाईंनी चिरंजीवांना खूण केली. स्टार्टर एकदा घरघरला, दुसऱ्यांदा खोकला, आणि गाडी अशी गरजली, की भंगारवाल्याने दचकून डबा सोडला.

"दम तिच्यात भरपूर होता," मोठ्या बाई उठून उभ्या राहिल्या. "तिला दम घ्यायला जागा नव्हती."

मिस्तरीने कान पकडले. "पंप घालून बसलो मी, आणि रोग झाकणात! पण बाई, या झाकणाला वारा जायला बारीक भोक असतं. ते कुणीतरी बुजवलंय. कुठल्या अडाण्यानं हे..."

त्याने अंगठ्याने धूळ पुसली. खाली लालभडक लाख चमकली. नीट गोल, कडेने दाबून बसवलेली, प्रश्नपत्रिकेच्या पाकिटावर शोभावी अशी.

मिस्तरीला एकदम स्कूटरचा आरसा पुसावासा वाटला. सूनबाईंनी पदर तोंडाशी नेला. खांदे मात्र आवरले नाहीत.

बाईंनी अंबाड्यातला आकडा काढला, लाख कोरून भोक मोकळे केले आणि झाकण स्वतः बसवले. मग त्या तराजूपाशी गेल्या, पर्समधून लाल कांडी काढली आणि पारड्यात ठेवली.

"शब्द म्हणजे शब्द," त्या म्हणाल्या. "भंगारात काहीतरी गेलंच पाहिजे."

त्यांनी गाडीचे स्टिअरिंगच्या बाजूचे दार उघडले. पारडे तसूभरही हलले नव्हते. चिरंजीव मात्र किल्ली तशीच ठेवून मुकाट्याने मागच्या आसनावर जाऊन बसले.