भय्यासाहेब यंत्र होतात

विनता कधी काही विसरत नाही, असं निदान विनताचं तरी ठाम मत होतं. आणि आज तर विसरून चालणारच नव्हतं! विजय नगरातल्या मराठी मंडळाची मागची खोली सोमवारपासून कुणाला द्यायची, तिच्या कॉम्प्युटरच्या वर्गाला की कॅरमवाल्यांना, हे मंडळाचे सचिव भय्यासाहेब आज वर्ग बघून ठरवणार होते. खोली गेली की वर्ग गेला. घरी पाच पोरं आणि सासरेबुवांची आरामखुर्ची एकत्र मावत नव्हती.

भय्यासाहेबांची अट एकच. वर्ग मराठीत हवा. जबलपूरची ही पोरं घरी मराठी ऐकतात आणि उत्तर हिंदीत देतात, याचा त्यांना भारी संताप.

वर्गात कॉम्प्युटर मात्र एकही नव्हता. दुसरीतल्या पोरांना आधी कॉम्प्युटर कसा चालतो ते कळू द्या, डबा नंतर आणू, असा विनताचा बेत. एकानं यंत्र व्हायचं, बाकीच्यांनी हुकूम सोडायचे. सांगितलं तेवढंच यंत्र करणार. पुढे चाला, वळा, उचला, खा, असे मराठी हुकूम तिनं आठवडाभर घोकून घेतले होते. टेबलावर खोव्याची जिलबी ठेवली होती. यंत्रानं ती खाल्ली की खोली आपली!

"यंत्र मी होते," विनता म्हणाली.

"तुम्ही काहून? मी होतो ना," भय्यासाहेब उठले. "सारी जिंदगी डिफेन्स फॅक्टरीत मशीनी चालवल्या. डोळ्यांवर पट्टी बांधा, मशीनला डोळे कुठे राहतात? आणि सांगून ठेवतो, मी फक्त पोरांचं ऐकीन, तेही मराठीत. तुमचं नाही."

विनतानं आपली ओढणी त्यांच्या डोळ्यांवर बांधली.

"उजवीकडे वळा," सलोनी म्हणाली. तिचं डावं-उजवं अजून कच्चं होतं. यंत्रानं जिलबीकडे पाठ केली आणि दाराकडे तोंड.

"पुढे चाला," अनुपम म्हणाला.

यंत्र निघालं. दारातून बाहेर पडलं, अंगणात उतरलं. पोरं मागोमाग नाचत निघाली. समोर फाटक होतं, आणि फाटकातल्या उतारावर मिस्त्री नुकतंच ओलं सिमेंट सारखं करून थापी पुसत होता.

विनताला आत्ता आठवलं. 'थांबा' हा हुकूम शिकवायचाच राहिला होता!

"रुको आजोबा!" पोरं ओरडली. हिंदीत. यंत्र ढिम्म, म्हणजे चालतच.

"चाचाजी, गीला है!" मिस्त्री ओरडला. तेही हिंदीत.

"भय्यासाहेब, थांबा हो," विनता कळवळली. पण ती पोर नव्हती. मग तिनं अनुपमला गदागदा हलवलं. "अरे, थांबा म्हणा!"

अनुपम शहाणा मुलगा. त्यानं सांगितलं तसंच केलं.

"थांबा म्हणा!"

"थांबा," यंत्र खणखणीत म्हणालं आणि सिमेंटमध्ये शिरलं.

आता पुढे रस्ता, रस्त्यावर ई-रिक्शा! विनताला रडू फुटायचं बाकी होतं. अनुपमनं डोकं खाजवलं. एक अख्खं मराठी वाक्य त्याला पाठ होतं, त्याची आजी त्याला दिवसभर ऐकवायची ते.

"काहून हिंडून राहिला? बस ना खाली!"

यंत्र बसलं. मांडी घालून, ऐसपैस.

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. सलोनीनं हळूच "उठा ना" म्हटलं, तेव्हा भय्यासाहेब उठले, चाचपडत उतार ओलांडून पलीकडे गेले आणि त्यांनी पट्टी सोडली. मागे वळून त्यांनी उतारावरची आपली बैठक नीट न्याहाळली. गेली खोली, विनता मनात म्हणाली.

"मशीन कुठं चुकली का, बाई?"

"नाही हो. चूक माझी. थांबा शिकवायचं राहून गेलं."

"म्हणजे मशीन चोख?"

"एकदम चोख."

"मग खोली तुमची. दहा वर्षांत मंडळात पोरं इतकं मराठी बोलली नाहीत." विनताला हसावं की पाया पडावं कळेना. तेवढ्यात भय्यासाहेबांनी धोतराला मागून हात लावला. ते सिमेंटनं कडक व्हायला लागलं होतं. "अरे बेटा, पानी लाओ, जल्दी!"

पाचही पोरं अंगणात ताठ उभी. एकही हललं नाही.

"आजोबा, मराठीत," सलोनी म्हणाली. "आता आम्ही मशीन."

भय्यासाहेब खूश झाले. धोतर क्षणभर विसरले. मिस्त्रीचा पाण्याचा ड्रम फाटकाबाहेर होता, पोरं अंगणात होती, मध्ये तो उतार. त्यांनी घसा साफ केला आणि पहिला हुकूम सोडला.

"पुढे चाला."

पोरं ओळीनं निघाली. मिस्त्रीनं थापी टाकून दिली.

"अरे रुको!" भय्यासाहेब जिवाच्या आकांतानं ओरडले. "रुको, रुको, रुको!"

पोरं चालत राहिली.