घड्याळाला हात लावू नका

"आयती ऑपरेटिंग सिस्टिम कुणीही टाकतं. आपण मूळ कोडपासून घरीच बांधू. जेवणाआधी लॅपटॉप पळायला लागेल," असं चिरंजीवांनी सकाळच्या चहालाच जाहीर केलं आणि बायकोने कप खाली ठेवला. लॅपटॉप तिचा होता. चार वाजता त्याच्यावरूनच तिची नोकरीची मुलाखत होती.

"मुलाखत झाल्यावर कर ना."

"जुनं सगळं पुसून झालंय," चिरंजीव म्हणाले.

बांधणी त्यांच्या टेबलावरच्या संगणकावर सुरू झाली. पडद्यावर ओळी धो धो वाहू लागल्या. वडील, म्हणजे अप्पा, चष्मा पुसून कौतुकाने बघत बसले. ओळी संपत आल्या, आता झालंच असं वाटलं, आणि गाडी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. खाली एक पिवळी ओळ उमटली होती : घड्याळात गडबड आहे, बांधणी अर्धवट राहू शकते.

"हे काय म्हणतंय?" बायकोने विचारलं.

"नुसता इशारा आहे, चूक नाही. इशाऱ्यांकडे लक्ष द्यायचं नसतं."

"माहीत आहे. माझ्या इशाऱ्यांचं काय होतं ते लग्न झाल्यापासून बघतेय."

चिरंजीवांनी मेमरीला दोष दिला, पंख्याला दिला, झाकण काढून आत फुंकर मारली. कोड लिहिणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. जेवण गार झालं. बांधणी शेवटापर्यंत जाई आणि मूळपदावर येई. वैतागून ते तोंड धुवायला गेले आणि टॉवेल विसरला म्हणून तसेच परत आले, तर खुर्चीत अप्पा आणि अप्पांच्या हातात माउस.

"अप्पा, काय चाललंय?"

"वेळ बरोबर करतोय. अर्धा तास पुढे होती. सकाळपासून किती वेळा केली, पण तू उठलास की परत पुढे."

"मीच करते पुढे," दारातून बायको म्हणाली. "त्याशिवाय हा जागचा हलतो का?"

या घरातलं हे युद्ध जुनं होतं. सूनबाईंनी घड्याळं पुढे सरकवायची, अप्पांनी मागे ओढायची. आज तडाख्यात संगणक सापडला. मघाशी लिहिलेली फाइल अर्ध्या तासानंतरची दिसली की तो बिचारा गोंधळून सगळं नव्याने बांधायला घेई.

"आता कोणीही घड्याळाला हात लावायचा नाही!" चिरंजीव गरजले. अर्धवट फायली पुसल्या, भिंतीवरचं घड्याळ बघून संगणकाची वेळ लावली आणि जागेवरून हलले नाहीत.

या वेळी बांधणी सरळ पार पडली. पडद्यावर चाराला दहा कमी होते.

"बघा, दहा मिनिटं राखून," त्यांनी हाक मारली.

बायको आतल्या खोलीतून आली. हातात अप्पांचा मोबाइल होता.

"मुलाखत झाली. अडचण आली तर काय करता, असं विचारलं. म्हटलं, आधी इशारा वाचते. सोमवारपासून या म्हणाले."

"झाली? अजून चार कुठे वाजलेत?"

"केव्हाच वाजले. आज मुलाखत म्हणून भिंतीवरचं घड्याळ मी पुढे केलंच नव्हतं."

अप्पा खाकरले. "मी मात्र सवयीने अर्धा तास मागे केलं."

चिरंजीवांनी मुकाट्याने नवी सिस्टिम लॅपटॉपवर चढवली. ती झोकात सुरू झाली आणि तिने पहिलाच प्रश्न विचारला : आत्ता किती वाजले आहेत?

खोलीत तिघं होते. तिघांनी तीन वेगवेगळ्या घड्याळांकडे बघितलं.