दाभणाने टोचलेले पत्ते

सयाजी नारायणगावहून आलेल्या जीपमधून निमगावात उतरला तेव्हा त्याच्या पिशवीत बावन्न पत्ते होते आणि प्रत्येक पत्ता प्लास्टिकमध्ये बंद होता. एवढे शहाणपण आपल्याला आधी कसे सुचले नाही, असे त्याला वाटत होते.

पत्ते त्याच्या बायकोचे, रत्नाचे. तिचा धाकटा भाऊ सावळेराम जन्मापासून आंधळा. त्याला मेंढीकोट खेळता यावा म्हणून तिने बारीक सुईने अख्खा जोड टोचला होता. डोळ्याला काही दिसत नसे, बोटाला सगळे कळत असे. कोपऱ्यातल्या टोचांवरून रंग ओळखायचा, किलवरला चार टोच. त्याखाली पत्त्याची खूण. राणीला उभी रेघ, दश्शीला गोल. तिसरी शिकलेल्या बाईने हे सगळे आपल्या डोक्याने काढले होते. गेल्या दिवाळीआधी ती गेली. दवाखान्यात सारखे एकच म्हणायची, "निमगावच्या यात्रेत सावळ्याला एकदा पत्त्यांना बसवा."

आज ती स्पर्धा होती. पत्ते मऊ पडले होते, कोपरे फाटायला आले होते, म्हणून सयाजीने सकाळीच ते लॅमिनेट करून आणले. सावळेराम आणे गावाहून आदल्या दिवशीच आला होता. त्याने एक पत्ता हातात घेतला, पुढून चाचपला, मागून चाचपला.

"दाजी, हे काय हाय?"

"पत्ता."

"कंचा?"

"तूच सांग की. तुझेच पत्ते हायत."

"ह्यो पत्ता न्हाई. तुमी बावन्न आधारकार्डं आणली."

सयाजीने अंगठा फिरवून पाहिला. प्लास्टिक गुळगुळीत होते. स्पर्धेला दोन तास होते.

त्याने कोपऱ्यावरच्या दुकानातून नवा जोड आणला. जुना पत्ता उन्हाकडे धरला की प्लास्टिकच्या आत टोच बारीक ठिपक्यांसारखे दिसत. ते बघून तसेच नव्यावर उतरवायचे. पण रत्नाची सुई त्याच्या जाड बोटांत बसेना. दोन मोडल्या. शेवटी त्याने कांद्याची पोती शिवायचे दाभण घेतले.

तो टोचत गेला आणि सावळेराम बोट फिरवून बघत गेला. किलवरच्या पत्त्यांवर आल्यावर सावळेराम थांबला आणि हसला.

"चुकलं का?" सयाजीने घाबरून विचारले.

"न्हाई. आक्कानं टोचलं व्हतं तसंच हाय. जसंच्या तसं."

यात्रेच्या मंडपात पहिलीच गाठ बाळासाहेबांशी पडली. बाळासाहेब टोमॅटोचे व्यापारी. क्रेट न उघडता आतला माल सांगायचे आणि चार वर्षे मेंढीकोटची ढाल त्यांच्याच घरात होती. त्यांचे भिडू वलीभाई जुन्नरचे.

"खुणांचे पत्ते!" बाळासाहेब ओरडले. "उज्ज्वलाताई, ही उघड लबाडी हाय."

उज्ज्वलाताई शाळेत शिकवायच्या आणि पंच होत्या. "त्यांनी खेळायचं कसं मग?"

"मी कुठं नको म्हणतो? पण पत्ते वाटताना त्याला आमची पानं कळणार."

"मग सावळेराम वाटणार नाहीत. टाकलेलं पान प्रत्येकाने मोठ्याने सांगायचं. आणि खुणा काय आहेत ते चौघांनाही सांगते. सगळ्यांना सारखं."

सयाजीने सांगितलेल्या खुणा कागदावर उतरवून त्यांनी वाचून दाखवल्या. बाळासाहेबांनी त्या दोनदा वाचायला लावल्या. मग म्हणाले, "ठीक. पण हे हरले, तर पुढल्या सालापास्नं असले पत्ते बंद."

"चालंल!" सयाजी रागाने बोलून बसला.

तीन डावांचा सामना होता. पहिला डाव सयाजी-सावळेरामने जिंकला. दुसऱ्या डावात मात्र बाळासाहेबांना सगळे आधीच कळत होते. सयाजीने काहीही टाकावे आणि त्यांनी ते कापावे. डाव गेला.

पाणी प्यायला थांबल्यावर सावळेराम हळूच म्हणाला, "दाजी, बाळासाहेब सवताचे पत्ते बघत न्हाईत."

"तुला काय ठाऊक?"

"आवाज कुठून येतो ते कळतं की. बोलताना त्यांचं तोंड सारखं माझ्या हाताकडं असतंय."

सयाजीने सावळेरामच्या हातातल्या पत्त्यांची पाठ पाहिली. दाभणाची भोके आरपार गेली होती. एकेका भोकातून मंडपाबाहेरचे ऊन दिसत होते. आंधळ्याने वाचायचे पत्ते डोळसांनाच वाचता येत होते, आणि वाचायचे कसे ते पंचांनी दोनदा शिकवले होते.

"मी आत्ता ताईंना सांगतो," सयाजी उठला.

"बसा. खेळा गुमान."

"आरं, तुला परत कोण बसवंल हितं? तुझ्या आक्काला काय सांगू मी?"

"खेळा म्हणतो ना."

तिसरा डाव शेवटच्या दोन पानांवर आला. मेंढीकोटात ज्याच्या दश्श्या जास्त तो जिंकतो; चारपैकी दोन सयाजीने जिंकल्या होत्या, एक बाळासाहेबांनी. उरली किलवरची. ती मिळाली तर सयाजी जिंकणार. ती गेली तर दोन-दोन होऊन हात मोजायचे, आणि हात बाळासाहेबांचे जास्त होते.

सयाजीजवळ चौकटचा एक्का आणि किलवरची राणी होती. त्याने एक्का टाकला. "चौकटचा एक्का."

बाळासाहेबांकडे चौकट नव्हती. एक हुकूम होता आणि एक फालतू पान. त्यांनी सावळेरामच्या पत्त्यांची पाठ पाहिली, मग सयाजीच्या हातातल्या शेवटच्या पत्त्याची. हसले. शेवटच्या हातासाठी हुकूम राखून ठेवला. "इस्पिकची तिर्री," म्हणून फालतू पान टाकले.

सावळेरामने बोट फिरवले आणि पान टाकले. "किलवरची दश्शी."

वलीभाईंकडे चौकट होती, त्यांना ती टाकावी लागली. एक्क्याचा हात सयाजीचा, म्हणजे दश्शीही त्याचीच.

"थांबा!" बाळासाहेब उभे राहिले. "ही दश्शी कशी? ती राणी व्हती! दश्शी सयाजीच्या हातात हाय!"



"बाळासाहेब," उज्ज्वलाताई म्हणाल्या, "तुम्हाला कसं कळलं?"

वलीभाईंनी हातातले शेवटचे पान खाली ठेवले. "मी तुमचा भिडू, राव. निदान मला तरी सांगायचं."

हशा मंडपाबाहेर गेला. सयाजीने मेहुण्याचा हात धरून वर केला. पुढच्याच फेरीत ते हरले, पण त्याने तो हात खाली घेतला नाही.

घरी चहा पिताना सयाजीने विचारले, "बाळासाहेब चुकले कसे?"

"चूक आक्काची व्हती. किलवरच्या राणीवर तिनं गोल टोचला आन दश्शीवर रेघ. तुमी बघून बघून तीच उतरवली."

"एवढी वर्सं तिला सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तिनं अख्खा जोड परत टोचला असता. बोटाला चिंधी बांधून टोचत व्हती ती."

सयाजीने जुनी किलवरची राणी काढली आणि प्लास्टिकवरून अंगठा फिरवत बसला.

पंचांनी निकाल दिला होता. पुढच्या वर्षी सगळेच टोचलेल्या पत्त्यांनी खेळतील, बारीक सुईने टोचलेल्या, आणि ते काम बाळासाहेबांचे. आठ दिवसांनी बाळासाहेब नाकावर चष्मा आणि बोटाला पट्टी लावून सयाजीच्या दारात आले.

"इस्पिक, बदाम, चौकट झालं," ते खाली बघत म्हणाले. "किलवरच्या राणीला काय टोचू? रेघ का गोल?"

"गोल," सयाजी म्हणाला. "आमच्या घरात तसंच हाय."