होकायंत्राची सुरी

“नवरदेवाची सुरी कशी असती ठावं न्हाई का तुला? तू हे काय आणून राह्यला?” मच्छिंद्रने भाच्यापुढे कपाळावर हात मारला.

एकदा हळद लागली की लग्न लागेपर्यंत नवरदेवाने हातातली सुरी खाली ठेवायची नसते, आणि तिच्या टोकाला लिंबू खोचलेलं असायला हवं, हे बदनापुरात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. घरात त्यासाठी आज्याच्या वेळची सुरी होती. पण नवरदेव वसंता एमआयडीसीतल्या लोखंडाच्या मिलमध्ये लागल्यापासून दर रविवारी व्हिडिओ सेंटरात मारामारीचे इंग्रजी पिक्चर बघायचा. त्यातल्या गड्याच्या कमरेला असते तसली हातभर सुरी त्याने जालन्याच्या बाजारातून आणली होती. पाठीवर करवतीसारखे दाते, मूठ आतून पोकळ, मुठीच्या टोपणावर होकायंत्र आणि पोटात मासे धरायचा गळ, दोरा नि चार काड्या.

“कशासाठी असती ही?”

“जंगलात माणूस एकटा सापडला तर जीव वाचवायला, मामा.”

“लगनाला चालला तू! संग दोनशे माणूस हाय!”

भाचा हटेना, आणि त्याची आई गोजरबाई पोराच्याच बाजूची. करवतीच्या दात्यांनी तीन लिंबं फाडली, चौथं कसंबसं टोकाला बसलं. मच्छिंद्र आधीच तापलेला. त्यात गोजरबाईने मंगळसूत्राची पुडी त्याच्याच हातात दिली. “दादा, जिवापाड जप. तुझ्याबिगर भरवसा कुणाचा न्हाई.”

मच्छिंद्रने पुडी उलटीसुलटी करून पाहिली. महिन्यापूर्वीच जालन्याच्या स्टँडवर त्याचा खिसा कापला गेला होता. पिशवीत ठेवावं तर पिशवी विसरायची, पेटीत ठेवावं तर पेटी दहाजण उघडणार. एवढ्यात त्याची नजर भाच्याच्या हातावर गेली आणि स्वतःच्या अकलेचं त्याला भारी कौतुक वाटलं. जी वस्तू दिवसभर नवरदेवाच्या हातातून सुटायचीच नाही, तिच्याहून सुरक्षित जागा कुठली?

त्याने टोपण काढलं. “वाटूरला लगनात काय मासे धरायचेत?” म्हणत गळ, दोरा, काड्या उकिरड्यावर भिरकावल्या. मंगळसूत्र खुळखुळू नये म्हणून चिंधीत गुंडाळून आत ठासलं. मग टेम्पोवाल्या संपतची पक्कड मागून टोपण पार करकचून आवळलं.

वाटूरला मंडपाच्या दारातच मुलीचे वडील अण्णासाहेब उभे होते. त्यांनी नवरदेवाकडे न बघता आधी सुरीकडे बघितलं. “लगन लावायला आलात का डाका घालायला?”

मच्छिंद्र कसनुसं हसला. हसू मावळतं न मावळतं तोच भटजींनी पाट मांडायला पूर्व दिशा कुठली ते विचारलं आणि वसंताने उत्साहाने होकायंत्र पुढे केलं. सुई गर्रकन फिरून बाजूच्या लाउडस्पीकरच्या भोंग्याकडे थांबली. भोंग्याच्या पोटात लोहचुंबक असतं, हे मिलमध्ये काम करणाऱ्या भाच्याच्या ध्यानात आलं नाही. त्याने भोंग्याकडे उत्तर धरली आणि पूर्व निघाली आचाऱ्याच्या चुलीकडे. दोघांनी उचलून पाट फिरवलेसुद्धा.

“साठ वर्षं झाली,” अण्णासाहेब म्हणाले, “सूर्य त्या कडुलिंबाच्या झाडामागून उगवून राह्यला. आज काय चुलीतून आल्ता का?”

पाट परत फिरवले. मच्छिंद्रला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

“मंगळसूत्र ताटात ठेवा,” भटजी म्हणाले. “मुहूर्ताला दहा मिनिटं राहिलीत.”

मच्छिंद्रने ऐटीत मूठ हातात घेतली आणि टोपण पिळलं. ते हललं नाही. शेल्याचं टोक गुंडाळून पिळलं, दातांत धरून पिळलं. मिलमधल्या वसंताच्या दोस्तांनी जोर लावून पाहिला.

“पक्कड आणा जल्दी! संपत कुठं गेला?”

“बर्फ आणायला परतूरला गेला. तुम्हीच धाडलं न्हाई का?”

“टोपण इतकं कुणी आवळलं?” अण्णासाहेबांनी विचारलं.

“आजकालची पोरं,” मच्छिंद्र म्हणाला, “बिलकुल अक्कल न्हाई.”

शेवटी मुठीचं टोपण मंडपाच्या दोन चिकटून रोवलेल्या मेढींच्या फटीत अडकवलं आणि दोघा दोस्तांनी सुरीचं पातं फडक्यात धरून पिळलं. खाट् झालं. टोपण जागचं हललं नाही. लिंबासकट पातंच उपटून अण्णासाहेबांच्या पायाशी जाऊन पडलं.

“अगं बाई!” बायका ओरडल्या. कुणीतरी अपशकुन म्हणालं. गोजरबाईने तोंडाला पदर लावला. अण्णासाहेबांनी पातं उचलून निरखलं. “आन् ह्याच्यावर जंगलात जीव वाचवणार होते!”

पातं निघालं तिथे मुठीला बारीक भोक राहिलं होतं. करंगळीसुद्धा जाईना. आतली चिंधी आणि तिच्यातून डोकावणारे काळे मणी मात्र स्पष्ट दिसत होते. आपटलं, हलवलं, फुंकलं. चिंधीने सगळं घट्ट धरून ठेवलं होतं. मुहूर्ताला तीन मिनिटं उरली. लग्न मोडलं तर आपल्याच हाताने मोडणार, हे मच्छिंद्रला कळून चुकलं.

“आकडा पायजे एखादा,” तो रडकुंडीला येऊन म्हणाला. “बारका, वाकडा आकडा!”

“मामा,” वसंता हळूच म्हणाला, “गळ होता त्याच्यात.”

“गप बस!”

“इकडं द्या बरं ते,” असा बारीक आवाज आला. नवरी बेबीनंदाने मुंडावळ्या बाजूला सारल्या, अंबाड्यातला आकडा उपसला, दातांनी त्याचं टोक वाकवलं आणि भोकात घातला. एकदा फिरवला, हलकेच ओढला. आधी चिंधी आली, मागून मणी आणि शेवटी दोन्ही वाट्या. तिने मंगळसूत्र ताटात ठेवलं आणि पुन्हा मान खाली घातली.

भटजींनी घाईघाईने अंतरपाट धरायला लावला. अण्णासाहेबांनी स्वतःच्या कमरेचा अडकित्ता काढला, त्याला लिंबू लावून जावयाच्या हातात दिला. लग्न लागलं. मच्छिंद्रने अक्षता टाकल्या. डोळ्यांत पाणी होतं आणि डोक्यात रागही होता, पण तो काढावा कुणावर तेच त्याला समजेना.

ऊन उतरताना वऱ्हाड टेम्पोत बसलं. गोजरबाईने सुनेचे उतरवलेले दागिने रुमालात बांधून पुढे केले. “दादा, जपून—”

मच्छिंद्रने हात पुढे केला. तेवढ्यात बेबीनंदाने गाठोडं घेऊन मांडीवर ठेवलं. “आत्याबाई, माझ्यापाशी असू द्या.”

“मंग मी काय धरू?” मच्छिंद्र उखडला.

तिने पातं नसलेली मूठ त्याच्या हातात दिली. “तुम्ही रस्ता बघा, मामा.”

फाट्यावर संपतने टेम्पो थांबवला आणि खिडकीतून मागे डोकावून हसत विचारलं, “बोला मामा, हिकडं का तिकडं?”

मच्छिंद्रने होकायंत्रात पाहिलं. सुई टेम्पोच्या कोपऱ्यात मंडपातून परत न्यायला ठेवलेल्या भोंग्याकडे वळली होती. भोंग्याला टेकून बेबीनंदा बसली होती.

“मला कशाला इचारतो?” मच्छिंद्र खेकसला. “सूनबाईला इचार.”