हृषीकेशचं तात्पुरतं मरण

मरण कोणालाच चुकत नाही असं म्हणतात. पण असं म्हणणाऱ्यांनी ऑस्ट्रेलियाचा पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळवलेला नसतो. तिथल्या वेरिबी उपनगरातल्या हृषीकेशने तो मिळवला होता. त्यामुळे कागदपत्रं पूर्ण असली की कुठेही प्रवेश मिळतो, अगदी तेविसाव्या शतकातही, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये त्याला एकदा कोरडा खोकला आला (कारण: शेंगदाण्याची चटणी) आणि तो भयंकर घाबरला. त्याच आठवड्यात त्याने मेल्यावर देह गोठवून ठेवणाऱ्या आणि विज्ञान सुधारलं की जिवंत करू अशी आशा बाळगणाऱ्या एका संस्थेचा अर्ज भरायला घेतला.

पूर्वतयारी मोठी शिस्तशीर होती. मृत्युपत्रात दहनाला नकार. शवविच्छेदनालाही नकार (मेंदूला धक्का लागतो, एरवी त्याला कोणी त्रास देत नव्हतं). मृत्यू शक्यतो अपेक्षित, सावकाश आणि ऑफिसच्या वेळेत यावा. संस्थेचं पथक पोहोचेपर्यंत घरच्यांनी देहाला बर्फ लावावा. पण लॉकडाऊनच्या नियमांनुसार घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायला बंदी होती, आणि घराबाहेर पडायच्या चार मान्य कारणांत मरण बसत नव्हतं. हृषीकेशच्या अंदाजाने संस्थेचे नव्याण्णव टक्के सभासद मरायला लॉकडाऊन उठेपर्यंत थांबायला तयार असावेत.

राहिली एक सही. तो बेशुद्ध पडला तर उपचारांचे निर्णय घेणारी व्यक्ती म्हणून बायकोची, म्हणजे चारुताची. तिने नाही म्हटलं असतं तर सगळं पाण्यात.

चारुताने गॅरेजमधला फ्रीजर उघडला. "मोदक, खोवलेला नारळ, डँडेनॉन्गच्या बाजारातून आणलेली सुरमई. बर्फाला जागा करायला यातलं काय काढू?"

त्याने बराच विचार केला. "काही नको. आयत्या वेळी पेट्रोल पंपावरून बर्फाच्या पिशव्या आण."

"नो वरीज. करते सही. पण मी नाही हं येणार. मला रीतसर जाळा."

पीआरच्या वेळी ती डिपेंडंट म्हणून त्याच्याच अर्जावर आपोआप आली होती. इथेही तसंच असणार, असं त्याने धरून ठेवलं होतं.

"म्हणजे मी एकटाच उठणार?"

"हो. आणि उठल्यावर 'चारु, टॉवेल कुठाय?' हे कोणाला विचारशील?"

दोनशे वर्षांनंतरचं आयुष्य त्याला पहिल्यांदाच स्पष्ट दिसलं. त्यात तो उभा होता, अमर आणि ओला. तिच्याशिवाय जगायची त्याला मरणाहून जास्त भीती वाटली.

चारुताने सही केली. अर्ज त्याने अजून पाठवलेला नाही. इथे ज्यांना हसू आलं, त्यांनी आता उठावं आणि घरात कोणालाही हाक न मारता आपला टॉवेल शोधून दाखवावा. ज्यांना सापडेल, त्यांनी खुशाल अमर व्हावं.