गोल कापणारे पुंडलिकभाऊ

कोणाच्या घरी माणूस गेलं की आपण भेटायला जातो, चपला बाहेर काढतो आणि मान खाली घालून बसतो. पुंडलिकभाऊ थेट भिंतीपाशी जातात. हार बाजूला सारून फोटो खाली उतरवतात, पालथा करून पाहतात आणि घरच्यांना विचारतात, "हे कोनं बनवलं?" कोणी अकोल्याच्या दुकानाचं नाव घेतलं की त्यांचं तोंड कडू होतं. मगच ते रडणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवतात.

भाऊंचं शेलूबाजारला हायवेलगत फ्रेमचं दुकान आहे. फ्रेमच्या आत, फोटोभोवती जाड पुठ्ठ्याची पांढरी किनार असते ना, तो माउंट. त्या माउंटमध्ये फोटोपुरती खिडकी कापणं हे भाऊंच्या लेखी जगातलं सर्वांत अवघड काम. तेही अंडाकृती, भाऊंच्या भाषेत 'गोल'. चौकोनी खिडकीला ते काम समजतच नाहीत. "सरळ त कोनीबी कापते," हे त्यांचं पालुपद. बरं, गोल माउंट कोणाला द्यायचा हेही तेच ठरवतात. एका पुढाऱ्याने आपल्या सत्काराच्या फोटोला गोल माउंट मागितला, तर पाच कार्यकर्त्यांदेखत भाऊ म्हणाले, "तुमच्या तोंडाले चौकोनच बरा."

चाळीस वर्षं हे सगळं त्यांनी हाताने केलं. मग हात थरथरायला लागला. ते कोणाला कळायच्या आत त्यांनी कॉम्प्युटरवर चालणारी, माउंट कापायची एक जुनी मशीन आणून बसवली. तिला ते 'बाई' म्हणतात. बाई सरळ रेघ अशी कापायची की पाहत राहावं. वळणावर आली की मात्र बिनसायचं. किनार खरबरीत निघायची आणि जिथून सुरुवात केली तिथे शेवट येऊन मिळायचाच नाही.

सुमन, माझी बायको, गेल्यावर मी घराबाहेर पडणं जवळजवळ सोडलं होतं. तिचा फोटो फ्रेम करायला म्हणून तेवढा पडलो. भाऊंनी फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "वहिनीले गोल." मग माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमी आयटीआयमंधी फिटर शिकवत होते ना? मंग बाईले पाहा जरा. वळन जुळल्याशिवाय मी वहिनीले त्याच्यात बसवत नाई."

भाऊंचं निदान तयार होतं. हायवेवरच्या जीपा. जीप गेली की टेबल हादरतं आणि पातं भटकतं. त्यामुळे पहिले चार दिवस मी दुकानाच्या दारात उभा राहून रस्ता मोकळा झाला की हात वर करायचो. शेलूबाजारला हायवे मोकळा व्हायची वाट पाहणं म्हणजे काय, ते तिथे उभं राहिल्यावर कळतं. पाचव्या दिवशी माझं डोकं फिरलं. तीस वर्षं पोरांना मशीन शिकवली आणि आता रेल्वेच्या फाटकवाल्यासारखा उभा!

मी मशीनच उघडली. पातं बोथट झालं होतं, बदललं. ते गरजेपेक्षा खोल जात होतं, म्हणून वळताना वाकायचं; जरा वर घेतलं. माउंटखाली अंथरलेल्या पुठ्ठ्यावर जुन्या कापांच्या इतक्या चिरा होत्या की पातं त्यांतच घसरायचं. नवा पुठ्ठा घातला, वेग निम्मा केला. वळण सुधारलं. दुसऱ्या दिवशी चारला जाऊन पाहतो तर पुन्हा वाकडं! पातं धरून ठेवणारा स्क्रू ढिला. आवळून आलो. परत ढिला. आटे झिजले असतील म्हणून वाशिमहून नवा स्क्रू आणला. तोही ढिला. भाऊ कपाळावर हात मारून म्हणायचे, "बाई आज लय रुसून राह्यली, मास्तर. चहा सांगू?"

असे दोन महिने गेले. मी रोज दाढी करायला लागलो होतो, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. लक्षात एवढंच होतं की घरात सुमनचा फोटो अजून लागलेला नाही.

एकदा बँकेतलं काम लवकर आटोपलं म्हणून रोजच्या चारऐवजी तीनलाच दुकानात गेलो. टेबलावर कोणाच्या तरी लग्नाच्या फोटोंचे दहाबारा माउंट रचलेले होते, सगळे गोल, सकाळीच कापलेले. मी वरच्या माउंटच्या किनारीवरून बोट फिरवलं. कुठेही सांधा लागला नाही. आणि भाऊ पाठमोरे वाकून, हातात पाना घेऊन, तो स्क्रू ढिला करत होते.

"हे काय करून राह्यले भाऊ?"

पाना त्यांच्या हातून पडला. मग त्यांनी कपाट उघडलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम काढून माझ्यापुढे ठेवली. गोल माउंटमध्ये सुमन हसत होती.

"कवा झाली?"

"दुसऱ्याच हप्त्यात."

मी भडकलो. "दोन मयने माही बायको कपाटात कोंडून ठेवली तुमी?"

भाऊ म्हणाले, "पह्यल्या दिवशी तुमी आले, तवा शर्टाच्या गुंड्या वरखाली होत्या, मास्तर. एका पायात एक चप्पल, दुसऱ्यात दुसरीच. मी म्हनलं, हा मानूस फोटो घेऊन गेला त पुन्हा काई घराबाहेर निंगत नाई." पडलेला पाना उचलत म्हणाले, "रागवा तुमी. पन मले दुसरं काई सुचलंच नाई."

मला रागावता आलं नाही. सुमन गेल्यावर माझ्या शर्टाच्या गुंड्यांकडे कोणी पाहत असेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं. मी तिथेच स्टुलावर बसलो आणि रडलो. तिच्या मागे पहिल्यांदाच, आणि तेही हायवेवरच्या उघड्या दुकानात. भाऊंनी मध्येच उठून दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं.

संध्याकाळी ते हातोडी घेऊन घरी आले. फ्रेम टांगली. मी चहा टाकला. भाऊ दोन पावलं मागे सरले, मान तिरकी केली, मग भिंतीला तळहात लावून म्हणाले, "भित जराशीक बाहेर आली हाये, मास्तर. फ्रेम नीट बसत नाई. उद्या येऊन पाहा लागन."

ती भिंत मी स्वतः उभं राहून, ओळंबा लावून बांधून घेतली होती. केसभरही बाहेर नव्हती.

"या," मी म्हणालो. "मलेबी लय दिवसांपासून तसंच वाटून राह्यलं."